ऑक्टोबरमधलं देशभरचं हवामान : पुढच्या तीन दिवसांचा अंदाज कसा वाचायचा?

नकाशावाली (पुणे)

या आठवड्यात इथल्या निरनिराळ्या धाग्यांवर तीन प्रश्न वाचले. सोयाबीन आता कापावं की थांबावं? दिवाळीच्या तोंडावर केदारनाथ उरकून यावं का? आणि दिल्लीत राहणाऱ्या आईने पहाटे फिरायला जाणं बंद करावं का? तिन्ही ठिकाणी लोकांनी उत्तरं दिली ती आपापल्या अंगणातून दिसणाऱ्या आभाळावरून. मी शाळेत भूगोल शिकवते, हवामान खात्याचं पत्रक रोज वाचते आणि नववीच्या मुलांनाही वाचायला लावते. ऑक्टोबरात अख्ख्या देशाचा नकाशा समोर घेतल्याशिवाय आपल्या तालुक्याचं हवामानही नीट कळत नाही, एवढंच मला सांगायचं आहे.

आधी नैर्ऋत्य मोसमी पाऊस परत कसा जातो ते. खात्याने २०२० साली तारखा सुधारल्या. त्यानुसार पश्चिम राजस्थानातून परतीचा प्रवास १७ सप्टेंबरला सुरू होतो (पूर्वी ही तारीख १ सप्टेंबर होती), मुंबईतून पाऊस साधारण ८ ऑक्टोबरला निघतो आणि १५ ऑक्टोबरपर्यंत देश सोडतो. राजस्थानातून माघार जाहीर करण्याआधी तीन गोष्टी पाहतात: सलग पाच दिवस पाऊस नाही, जमिनीपासून दीडेक किलोमीटर उंचीपर्यंत वारे घड्याळाच्या काट्यांप्रमाणे बाहेर फिरू लागलेत, आणि उपग्रहाच्या चित्रात हवेतली वाफ ओसरलेली दिसते.

उत्तरेत यानंतर खरोखरच उघडीप होते. कोरडे वायव्येचे वारे, निरभ्र आभाळ, रात्री पारा घसरायला सुरुवात. हिमालयाच्या उत्तरेला सरकलेला पश्चिमी झोतवारा (फार उंचावरून वेगाने वाहणारा वारा) याच सुमारास पुन्हा दक्षिणेला येतो आणि त्याच्याबरोबर पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या पाऊस-बर्फ देणाऱ्या प्रणाली, काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडकडे येऊ लागतात. दक्षिणेत चित्र अगदी उलट असतं. पावसाळ्यात गंगेच्या मैदानावर असलेला कमी दाबाचा पट्टा खाली बंगालच्या उपसागरात येतो आणि समुद्राचं पाणी अजून चांगलंच तापलेलं असतं. त्यामुळे ऑक्टोबर-नोव्हेंबर हा वादळांचा हंगाम. मधल्या पट्ट्यात, म्हणजे आपला महाराष्ट्र, तेलंगण, उत्तर कर्नाटक, इथे दोन्हींची ओढाताण चालते. सकाळी कोरडं ऊन, दुपारी जमिनीतली ओल वर जाऊन ढग, संध्याकाळी गडगडाट. उपसागरात काही शिजत असेल तर मग विचारायलाच नको.

उदाहरण २०२० चं घ्या. १३ ऑक्टोबरला पहाटे काकीनाडाजवळ तीव्र कमी दाबाचं क्षेत्र किनाऱ्यावर आलं. त्याच दिवशी आणि रात्री हैदराबाद बुडालं. १४ तारखेला तीच प्रणाली उत्तर कर्नाटक, सोलापूर, पंढरपूर, पुणे असा पाऊस पाडत आली, भीमेला पूर आला, आणि मग ती अरबी समुद्रात उतरली. एका समुद्रातून दुसऱ्या समुद्रात, आपल्या डोक्यावरून! सोलापूरच्या माणसाने त्या दिवसांत आपल्या आभाळाआधी आंध्रचा किनारा बघायला हवा होता. खात्याच्या पत्रकात तो दिसत होता.

माझं म्हणणं असं की ऑक्टोबरात महिनाभराच्या तारखांवर विसंबून काहीही ठरवू नये. उपसागरात हालचाल होणार हे संगणकी प्रारूपांना पाच-सहा दिवस आधी दिसू लागतं, पण कमी दाबाचं क्षेत्र प्रत्यक्ष तयार होईपर्यंत ते कुठे वळेल याची खात्री नसते. ते तयार झालं की पुढच्या तीन दिवसांचा अंदाज भक्कम होतो. खातं याच तीन दिवसांना लघु पल्ला म्हणतं. तेवढ्यात माणूस पीक झाकू शकतो, तिकीट बदलू शकतो, होडी ओढून घेऊ शकतो.

आपापल्या भागातलं चित्र लिहा, प्रश्न विचारा. आजचं पत्रक मी समोर घेऊन बसले आहे.


माळरान (औसा तालुका)

बाई, लिहिलंय चांगलं. पण आमची अडचण वेगळी हाय. आमच्याकडं सोयाबीन कापून रानात पडलंय. सरी-सरीनं पेंढ्या पसरल्यात, वरून ताडपत्री अर्ध्याच रानाला पुरते. मळणीयंत्रवाला म्हणतो परवा येतो. आता खात्याचं पत्रक उघडलं तर काय लिहिलंय, “तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह हलका ते मध्यम पाऊस”. म्हणजे माझ्या रानात का शेजाऱ्याच्या? हे वाक्य जूनपासून तेच आहे. ह्याच्यावर माणसानं काय ठरवायचं?

शेंगा एकदा भिजल्या की दाणा काळा पडतो, दोनदा भिजल्या तर शेंगेतच कोंब येतो. खरेदी केंद्रावर १२ टक्क्यांच्या वर ओल निघाली की माल बाजूला. रागानं नाही लिहीत, पण सांगायचं तर ह्या भाषेत सांगा.


नकाशावाली

माळरान दादा, तुमची तक्रार रास्त आहे. हे शब्द मोजून वापरलेले असतात, पण ते माप लोकांपर्यंत कुणी पोचवत नाही. म्हणून इथे लिहिते.

एखाद्या उपविभागात जेवढी पर्जन्यमापन केंद्रं आहेत, त्यातल्या २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तर “तुरळक ठिकाणी”. २६ ते ५० टक्के असेल तर “काही ठिकाणी”, ५१ ते ७५ टक्के म्हणजे “बऱ्याच ठिकाणी”, त्यापुढे “बहुतांश ठिकाणी”. देशाचे असे ३६ उपविभाग आहेत. आपले चार: कोकण आणि गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा, विदर्भ. म्हणजे मराठवाड्यासाठी “तुरळक” लिहिलं असेल तर चारांतल्या तीन किंवा त्याहून जास्त ठिकाणी पाऊस नाही, असाच त्याचा अर्थ. उद्या तोच शब्द “बऱ्याच ठिकाणी” झाला तर लगेच हालचाल करा, कारण मग तुमचं रान सुटण्याची शक्यता निम्म्याहून कमी.

पावसाच्या प्रमाणालाही माप आहे. २४ तासांत १५.५ मिलिमीटरपर्यंत हलका, ६४.४ पर्यंत मध्यम, ६४.५ पासून पुढे जोरदार, ११५.६ पासून अतिजोरदार, २०४.५ आणि त्यावर अत्यंत जोरदार. “मध्यम” हा शब्द ऐकून लोक निश्चिंत होतात, पण ५०-६० मिलिमीटर पाऊसही मध्यमच. पसरलेल्या पेंढ्यांचं तेवढ्यात वाटोळं होतं.

आणखी एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. खात्याचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला संपतो. मंगळवारच्या रकान्यात पिवळा रंग (लक्ष ठेवण्याचा इशारा) असेल आणि पाऊस बुधवारी पहाटे चारला आला, तर तो मंगळवारचाच. “काल सांगितला होता, आलाच नाही, आज आला” असं आपण म्हणतो त्यातला बराच गोंधळ इथे आहे.

तुमच्यापुरतं: ऑक्टोबरातला गडगडाटी पाऊस बहुतेकदा दुपारी तीन-चारनंतरच धरतो. परवा यंत्र येईपर्यंत पसरलेलं तसंच ठेवण्यापेक्षा आज ऊन आहे तोवर उलथापालथ करून दुपारच्या आत गोळा करा आणि गंजी लावून ताडपत्री तिच्यावर घाला. पसरलेल्या अर्ध्या रानाला पुरणारी ताडपत्री गंजीला पुरून उरेल. आणि जे अजून उभं आहे ते यंत्राची वेळ नक्की होईपर्यंत कापू नका. परभणीच्या कृषी विद्यापीठाचा हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो, मराठीत असतो. तोही बघत जा.


माळरान

हे साडेआठचं खरंच माहीत नव्हतं. टक्क्यांचं बी. गंजी घालायला घेतो, दोन बायका अन् पोरगा हाय मदतीला. पण माझा एक मुद्दा राहिलाय, रात्री लिहितो.


द्राक्षवेल (निफाड)

नमस्कार. आमच्याकडे द्राक्षाची गोडी छाटणी, म्हणजे फळ धरण्यासाठीची, सुरू आहे. पुढच्या-मागच्या तारखांना तीन टप्प्यांत छाटतो, त्यामुळे एक प्लॉट पोंग्यात (नुकती फूट निघालेला), एकाला चार पानं, एक अजून छाटायचा. याच काळात पाऊस आला तर डाऊनी (पानावरचा बुरशीचा रोग) येते आणि फुलोऱ्यात सापडला तर घडकूज. २०१९ च्या ऑक्टोबरात लांबलेल्या पावसाने आमच्या पट्ट्यात बागांचं जे झालं ते कुणी विसरलेलं नाही.

मला पावसापेक्षा दोन वेगळ्या गोष्टी हव्या असतात. फवारणीनंतर किती तास कोरडे मिळतील, आणि रात्री पान किती वेळ ओलं राहील. पाऊस एक थेंब न पडताही दव आणि ढगाळ हवा असेल तर डाऊनीला तेवढं पुरतं. पुण्याजवळ मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा हवामानावर आधारलेला आठवड्याचा सल्ला येतो, तो चांगला असतो. पण रोजच्या रोज ठरवायला तीन दिवसांच्या तक्त्यात आर्द्रता आणि ढगांचा रकाना बघायची सवय लावून घेतली आहे. नवीन बागाईतदारांना माझं हेच सांगणं, पावसाच्या चित्राखाली काय लिहिलंय ते वाचा.

बाई, एक विचारतो. पूर्वेचे वारे सुरू झाले की आमच्याकडे ढग येतात असं जुने लोक म्हणतात. यात तथ्य किती?


नकाशावाली

पूर्ण तथ्य आहे. तुमच्याकडे कोरडे दिवस येतात ते वायव्य आणि उत्तरेच्या वाऱ्यांनी. वारा फिरून पूर्व-आग्नेयेकडून वाहू लागला म्हणजे उपसागरावरची वाफ दख्खन ओलांडून येते आहे. जिल्ह्याच्या पाच दिवसांच्या तक्त्यात वाऱ्याची दिशा दिलेली असते. वाऱ्याची दिशा उत्तरेकडून पूर्वेकडे सरकताना दिसली आणि सकाळची आर्द्रता चढत असेल, तर पावसाचा रकाना शून्य असला तरी पोंग्यातल्या प्लॉटला सांभाळा.


राजधानीतला (दिल्ली)

आईच्या फिरण्याचा प्रश्न माझाच होता. दिल्लीत पाऊस संपला की आम्हाला पावसाच्या अंदाजाची गरज उरत नाही, वाऱ्याच्या अंदाजाची मात्र रोज लागते. पंजाब-हरियाणात भाताचे खुंट जाळतात, वायव्येचा वारा तो धूर थेट इकडे आणतो. पण धूर असूनही एखादा दिवस बरा जातो आणि धूर कमी असून एखादा दिवस श्वास घेववत नाही. हे कशामुळे ते समजायला मला बराच काळ लागला.

रात्री जमीन थंड होते तशी तिच्या लगतची हवाही थंड आणि जड होते, वर उबदार हवेचं झाकण बसतं. दिवसा ऊन तापलं की ते झाकण वर जातं, धूर उंच पसरतो. ऑक्टोबरच्या शेवटी ऊन मंद आणि रात्री लांब, त्यामुळे झाकण खालीच राहतं. खातं जमिनीपासून या झाकणापर्यंतच्या थराची उंची आणि वाऱ्याचा वेग यांचा गुणाकार करून एक निर्देशांक देतं. तो ६००० चौरस मीटर प्रतिसेकंदाच्या खाली आणि वारा ताशी १० किलोमीटरपेक्षा मंद असेल तर प्रदूषण विरत नाही. दिल्लीसाठी हवेच्या गुणवत्तेची जी पूर्वसूचना यंत्रणा आहे, २०१८ पासूनची, ती पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनेच उभी केली आहे. तीन दिवसांचा अंदाज तिथे रोज मिळतो.

आईला आता पहाटेऐवजी सकाळी साडेदहा-अकराला पाठवतो. सुरुवातीला ती रुसली, कारण तिच्या मैत्रिणी पहाटेच जमतात. मग मैत्रिणींनाही समजावलं, आता सगळ्या जणी उन्हातच जातात. पश्चिमी विक्षोभ येऊन गेला की त्याच्या मागून वारा जोर धरतो, तेव्हा दोन दिवस छान मिळतात. ते दोन दिवस नकाशावर आधी दिसतात आणि आम्ही त्यांची वाट बघतो.


गडवाट (ठाणे)

केदारनाथचा प्रश्न मी विचारला होता. भाऊबीजेला मंदिराचे दरवाजे बंद होतात, त्यामुळे मागे ढकलायला जागा नाही. आम्ही सहा जण आहोत, त्यात दोघे साठीच्या पुढचे. मोबाईलमधलं अ‍ॅप रुद्रप्रयागला ३० टक्के पाऊस दाखवतंय, म्हणजे जायला हरकत नाही असं बाकीच्यांचं मत. मला धाकधूक वाटते.


नकाशावाली

गडवाट, फोनवरचं अ‍ॅप अख्ख्या जगाच्या संगणकी प्रारूपातून आकडे उचलतं. ते प्रारूप नकाशाचे चौकोन पाडतं आणि एका चौकोनाला एकच आकडा देतं. त्याच्या एका चौकोनात खोल दरी आणि साडेतीन हजार मीटरचं शिखर दोन्ही बसतात. दिल्ली-नागपूरसारख्या सपाट जागी ते बऱ्यापैकी चालतं, डोंगरात त्यावर जीव टाकू नये. शिवाय ३० टक्के ही पाऊस पडण्याची शक्यता झाली. पडला तर किती पडेल, हे त्या आकड्यात नसतं.

डोंगरासाठी दोन गोष्टी एकत्र बघा: वरून पश्चिमी विक्षोभ येतो आहे का, आणि खालून उपसागराची वाफ पूर्वेच्या वाऱ्यांनी तिथपर्यंत पोचते आहे का. एकटा विक्षोभ ऑक्टोबरात बहुतेक वेळा शिखरांवर बर्फ आणि खाली थोडा पाऊस देऊन जातो. दोन्ही भेटले की काय होतं ते २०२१ च्या १८ ते १९ ऑक्टोबरला उत्तराखंडातल्या कुमाऊंने पाहिलं. १९ तारखेच्या सकाळी साडेआठला संपलेल्या २४ तासांत पंतनगरला ४०३.२ आणि मुक्तेश्वरला ३४०.८ मिलिमीटर. ऑक्टोबरात! त्या वेळी लाल इशारा आधीच दिलेला होता आणि चारधामची यात्रा थांबवलेली होती. रस्त्यात अडकलेल्यांचे हाल झाले, पण इशाऱ्यामुळे कितीतरी लोक खालीच थांबले.

तेव्हा डेहराडूनच्या हवामान केंद्राचं पत्रक रोज दुपारी बघा आणि ते तीन दिवसांपुरतंच धरा. त्यात इशाऱ्याचा रंग हिरवा असेल तर निघा. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी असेल तर हृषीकेशच्या वर सरकू नका, आणि लाल असेल तर जिथे आहात तिथेच, नदीपासून लांब. कार्यक्रमात एक मोकळा दिवस ठेवला नसेल तर आजच ठेवा. ज्येष्ठ बरोबर आहेत म्हणून जास्तच आग्रहाने सांगते.


गडवाट

गुप्तकाशीला एक मुक्काम वाढवला. हॉटेलवाल्याने कुरकुर केली, पण झालं काम. धन्यवाद बाई.


पूर्वघाट (भुवनेश्वर, आता नागपूर)

बँकेच्या बदलीवर मी ओडिशात बरीच वर्षं काढली. १९९९ चं महाचक्रीवादळ मी पाहिलेलं नाही, पण जगतसिंहपूरकडची माणसं त्याबद्दल बोलायची ते ऐकलं आहे. २९ ऑक्टोबरला ते किनाऱ्यावर आलं आणि दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. कित्येक घरांत आजही त्या तारखेला श्राद्ध असतं.

फायलिन चक्रीवादळ मात्र मी अनुभवलं. १२ ऑक्टोबर २०१३, ऐन अष्टमी. ही प्रणाली थायलंडच्या आखाताकडून अंदमान समुद्रात आली आणि तिथून गोपाळपूरकडे. चार दिवस आधीपासून रेडिओवर, टीव्हीवर तेच. पूजेचे मंडप उभे, आणि पोलीस ध्वनिक्षेपकावरून गावं रिकामी करायला सांगत होते. बाहेरच्या काही तज्ज्ञांनी याला महाचक्रीवादळ म्हणायला सुरुवात केली होती. आपल्या खात्याने आपला अंदाज बदलला नाही, त्याखालच्या वर्गावर, अतितीव्र चक्रीवादळावरच, ठाम राहिलं आणि ते बरोबर ठरलं. तरीही वारा ताशी २०० किलोमीटरच्या पुढे होता. लाखो लोक आधीच निवाऱ्यांत हलवलेले होते. मृतांची संख्या काही डझनांत राहिली. तोच किनारा, तोच महिना, १४ वर्षांचं अंतर.

आमच्या शाखेचा शिपाई गोपाळपूरच्या बाजूचा. त्याच्या घराचं छप्पर उडालं, गाय गेली. पण म्हातारी आई, बायको, दोन्ही पोरी निवाऱ्यात होत्या. तो मला म्हणाला, साहेब, छप्पर पुन्हा घालता येतं. त्यानंतर कुणी हवामान खात्याला नावं ठेवली की माझ्याने गप्प बसवत नाही.


माळरान

गंजी झाली. यंत्र उद्या येतंय. आता तो राहिलेला मुद्दा.

आमच्या गावात लोक खात्याचं बघत न्हाईत. व्हिडिओवाले बघतात. ते महिना-महिना आधी तारखा देतात, अमुक तारखेला लातूर, तमुक तारखेला बीड. आपल्या भाषेत बोलतात, शेतकऱ्याला मान देऊन बोलतात. खरं निघालं की दहा जण सांगतात, खोटं निघालं की कुणी काढत न्हाई. मी त्यांच्या नादानं कधी पेरलं न्हाई, पण त्यांना नावं ठेवायच्या आधी खात्यानं बी इचार करावा की लोक तिकडं का जातात. माझा बाप हस्त, चित्रा, स्वाती बघून ठरवायचा. “पडतील स्वाती तर पिकतील मोती” म्हणायचा, ज्वारी त्याच्यावर सोडायचा. त्याला कुणी मिलिमीटर सांगितला नव्हता.


नकाशावाली

दादा, तुमच्या वडिलांच्या नक्षत्रांशी माझं काहीच भांडण नाही. स्वाती २४ ऑक्टोबरच्या आसपास लागते, म्हणजे रब्बी ज्वारीला उगवणीनंतर ओल लागते नेमकी तेव्हा. पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे तो. पण ते सांगतं या दिवसांत पाऊस झाला तर काय होईल. येत्या बुधवारी होईल की नाही, हे ते सांगत नाही, आणि वडीलही तसा दावा करत नसत.

महिना आधी गावाचं नाव घेऊन तारीख देणं आजच्या घडीला जगात कुणालाच शक्य नाही. खातं दर गुरुवारी चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज देतं, त्यात फक्त सरासरीपेक्षा जास्त की कमी एवढंच असतं, आणि तेवढंच प्रामाणिक आहे. ऑक्टोबरात मराठवाड्यात कुठे ना कुठे पाऊस पडतोच. चार-पाच तारखा दिल्या की एखादी लागणारच.

भाषेबद्दल मात्र तुमच्याशी मी पूर्ण सहमत आहे. मुंबई आणि नागपूरच्या केंद्रांनी मराठीत द्यायला सुरुवात केली आहे, पण ती मराठी रेडिओच्या बातम्यांची राहते. तालुक्याच्या माणसाला पसरलेल्या पेंढ्या, गंजी, फवारणी, कांद्याचं रोप यांच्या भाषेत हवं. २०२४ च्या ऑक्टोबरपासून ग्रामपंचायतीच्या पातळीवरचा अंदाज सुरू झाला आहे. २०२५ च्या मे महिन्यात पुण्यातच तयार झालेली भारत फोरकास्ट सिस्टिम ही अंदाजाची संगणकी प्रणाली आली, तिचा चौकोन सहा किलोमीटरचा आहे, आधी तो बारा किलोमीटरचा होता. आकडे गावाजवळ येत आहेत. आता ते आकडे शेतकऱ्याला वाचून दाखवणारी माणसं हवीत, आणि हे काम गावातली शाळा सहज करू शकते. आमच्या शाळेच्या फळ्यावर रोज सुविचाराच्या खाली तीन दिवसांचा तक्ता लिहितो. घरी जाऊन मुलं सांगतात. पालक विचारायला येतात.


माळरान

शाळेचं पटलं. आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या गुरुजींशी बोलतो.


चेन्नईकर (चेन्नई)

इथे सगळं उलटं. तिकडे “पाऊस गेला” म्हणून ऑक्टोबर हीटच्या गप्पा चालू असतात तेव्हा आमचा पाऊस येतो. ईशान्य मोसमी पाऊस सर्वसाधारणपणे २० ऑक्टोबरच्या आसपास लागतो. तमिळनाडूच्या वर्षाच्या पावसातला जवळजवळ ४८ टक्के ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो. तलाव भरले तर उन्हाळा सुसह्य, नाही तर टँकर. २०२४ आणि २०२५ दोन्ही वर्षी नैर्ऋत्येच्या पावसाची माघार आणि ईशान्येचं आगमन एकाच दिवशी जाहीर झालं, १५ आणि १६ ऑक्टोबरला. नवीन आलेल्या मराठी मंडळींसाठी: किनाऱ्यालगत हा पाऊस पुष्कळदा रात्री उशिरा सुरू होतो आणि सकाळी ऑफिसच्या वेळेला ऐन भरात असतो. त्यामुळे झोपण्याआधी रडारचं चित्र एकदा बघून घ्या, तळमजल्यावर पार्किंग असेल तर नक्कीच.


दर्यावर्दी (मालवण)

किनारपट्टीचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितोय. ऑक्टोबर हा आमचा धंद्याचा महिना. सकाळी मतलई वाऱ्यावर बाहेर पडायचं, दुपारी खाऱ्या वाऱ्यावर परत. पण बंदरात तीन नंबरचा, म्हणजे खराब हवेच्या इशाऱ्याचा, बावटा चढला की होड्या आत. नवीन पोरांना वाटतं, आभाळ निळं, पाणी शांत, मग बावटा कशाला? मी क्यार वादळाचं सांगतो. २०१९ चा ऑक्टोबर. ते महाचक्रीवादळ झालं, आमच्या किनाऱ्यावर आलंच नाही, ओमानच्या बाजूला वळून समुद्रातच विरलं. तरी देवबागेत लाटांनी पाणी घरांत आणलं आणि कापलेलं भात खळ्यावर सडलं. वादळ शेकडो किलोमीटर लांब असलं तरी त्याची फुगलेली लाट आपल्यापर्यंत येते.

आणि याच्या उलटही होतं. २०२५ च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला “शक्ती” वादळ अरबी समुद्रात होतं. फोनवर असे निरोप फिरले की जणू उद्या मालवणावर आदळणार. बायकामाणसं घाबरली. खात्याच्या नकाशात ते पश्चिमेकडे जाताना स्पष्ट दिसत होतं, आणि तेही समुद्रातच विरलं. म्हणून आमच्या संस्थेच्या गटावर आता एकच नियम केलाय: ज्यावर पत्रकाची वेळ आणि तारीख नाही, असा निरोप पुढे पाठवायचा नाही.

बाई, एक शंका. पत्रक दिवसातून अनेकदा येतं. आम्ही पहाटे तीनला निघतो. कुठलं धरायचं?


नकाशावाली

वेळेचा नियम फार चांगला आहे, इथेही सगळ्यांनी पाळावा.

दर्यावर्दी, सकाळी साडेआठच्या निरीक्षणांवर आधारलेलं मुख्य पत्रक दुपारी एक-दीडच्या सुमारास येतं. दुसऱ्या दिवशी बाहेर पडायचं की नाही, ते त्यावर ठरवा. संध्याकाळचं पत्रक काही बदललं का हे पाहण्यासाठी. निघण्याआधी मच्छीमारांसाठीचा वेगळा इशारा आणि हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्रविषयक माहिती देणाऱ्या संस्थेचा लाटांचा अंदाज बघा, कारण लांबून येणारी फुगलेली लाट पावसाच्या तक्त्यात कधीच दिसणार नाही. आणि उपसागरातलं कमी दाबाचं क्षेत्र दख्खन ओलांडून येत असेल, तर ते गोवा-रत्नागिरीच्या समोर समुद्रात उतरण्याआधीच होड्या आत असू द्या. जमिनीवर ते अशक्त झालेलं असतं, पाण्यावर आलं की पुन्हा जोर धरू शकतं.

पूर्वेकडे आसाम, मेघालयातलं कुणी इथे असेल तर तिकडचंही लिहा. परतणारा पाऊस त्या भागातून बराच उशिरा निघतो आणि आपल्याला त्याची खबरच नसते. कोलकात्याहून कालीपूजेला येणाऱ्या-जाणाऱ्यांनी उद्याचं दुपारचं पत्रक आलं की इथे टाकावं. मीही दीड वाजता टाकते.